एक तांब्या पाणी

बहात्तरच्या दुष्काळात आमचं सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होतं आणि कल्याणप्पा सरांना मात्र मॅट्रिकच्या परीक्षेची पडली होती. हायस्कूलचे हे सर भलतेच चिवट. पालकांची सभा शाळेत बोलावली तर कुत्रंसुद्धा फिरकलं नाही, म्हणून त्यांनी ती दुपारच्या सुट्टीत कामावरच घेतली. भाकरी खाणाऱ्या बायांसमोर उन्हात उभे राहून ते म्हणाले, "परीक्षा होईस्तोवर लेकरांना काम सांगू नका. एवढंच मागतो. अभ्यासाचं मी बघतो."

गावातून मॅट्रिकला बसणारी मुलगी एकच, मालनबाईची प्रयाग. ती आईबरोबर टोळीत खडी फोडायची. ऊसतोडीला जाताना बापानं सांगून ठेवलं होतं, "पास झाली तर नर्सच्या ट्रेनिंगला धाडू, न्हाय तर उन्हाळ्यात लगीन." आणि हा माणूस एकदा बोलला की त्यात बदल नसे.

सर गेल्यावर टोळीचा मुकादम धोंडीबा उठला. एरवी कुणी पाणी प्यायला उठलं तरी हा कुरकुरायचा. तो म्हणाला, "पोरीच्या वाटची खडी आमी फोडू. तिला उद्यापासून घरी बसवा." आणि टोळीनं खरंच फोडली. हाताला फोड आले, पण कुणी बोलून दाखवलं नाही. पोर आमच्यातली होती आणि नर्स होणार होती, या नुसत्या विचारानंच आम्हाला हुरूप यायचा.

परीक्षेचं केंद्र उमरग्याला. तिथं मालनबाईची धाकटी बहीण केशरबाई एका दवाखान्यात आया होती. तिच्याकडं उतरायचं ठरलं. एस.टी. सुटण्याआधी मालनबाईनं लेकीला बजावलं, "मावशीचं घर हाय, पण पाण्याची बोंब तिकडं बी हाय. कुणाच्या पाण्यावर बसायचं न्हाय. जेवढं वापरशील तेवढं भरून ठेव."

त्या साली तशी रीतच पडली होती. पाहुणा चार घास खाऊन जायचा, पण वापरलेलं पाणी भरल्याशिवाय घर सोडत नसे. त्यात मालनबाई मोठी मानी. असला मान दुष्काळात गुंडाळून ठेवावा, असं आज मी तावातावानं म्हणतो. तेव्हा ते बोलणं सगळ्यांना शहाणपणाचंच वाटलं होतं. सरांनी घरचं काम बंद करायला सांगितलं, पाहुण्याघरचं सांगायचं राहून गेलं.

मराठी, इंग्रजीचे पेपर छान गेले. गणिताच्या दिवशी केशरबाईला पहाटेच दवाखान्यात जायचं होतं. निघताना ती म्हणाली, "मोरीत हंडा भरून ठिवलाय, तुझ्यासाठीच हाय. न्हाऊन घे, खा अन् सावकाश जा."

मावशी गेली आणि प्रयाग घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिली. टँकर रोज उजाडताच यायचा. त्या दिवशी तो वाटेत बंद पडला. आत्ता येईल, आत्ता येईल म्हणत रांग थांबून राहिली. रांग सोडली तर नंबर जाणार आणि मावशीच्या घरात पाणी उणं पडणार. पोरगी मनात सूत्रं घोकत उभी होती. अखेर टँकर आला. भरलेली घागर मोरीत ठेवून ती केंद्राकडं धावत सुटली, तर फाटक बंद झालेलं. शिपाई म्हणाला, अर्ध्या तासानंतर आत घेत नाहीत. त्याचा तरी काय दोष?

गावी परतली ती थेट कामावर आली. धोंडीबानं तोंड फिरवलं. मालनबाई मात्र सगळ्यांदेखत कडाडली, "पेपर लिव्हाया गेलतीस का पाणी भराया?"

"तूच म्हणली व्हतीस नं, माय," प्रयाग म्हणाली आणि हातोडी घेऊन खडी फोडायला बसली.

ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं, हे सांगायला सर ऊसतोडीहून परतलेल्या तिच्या बापाकडं गेले. बापानं त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. वैशाखात भूम गावाकडचं स्थळ ठरलं.

लग्नाला केशरबाई आली. हळदीच्या गडबडीत मालनबाईनं तिला बाजूला घेतलं. "असं किती पाणी वापरलं व्हतं गं पोरीनं?"

केशरबाईचे डोळे भरून आले. "अक्का, दोन दिस राखून हंडा भरला व्हता मी. ती न्हालीच न्हाय. घरी येऊन बघितलं तर हंड्यात एक तांब्या तेवढा उणा. निस्तं तोंड धुतलं व्हतं लेकरानं."

अंगणात प्रयाग हळदीनं माखून पाटावर बसली होती. तिला न्हाऊ घालायला टोळीतल्या बायांनी आपापल्या घरून एकेक तांब्या पाणी आणलं होतं. पहिलं पाणी आईचं म्हणून कुणीतरी मालनबाईच्या हातात तांब्या दिला. ती लेकीपाशी गेली, पण तो तांब्या तिला ओतवेना.