पाच फुटांची गॅलरी

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा टेप आहे. पाच मीटर लांब, पिवळ्या डबीत गुंडाळलेला. शाहिस्ता मॅडम आर्किटेक्ट झाल्या आणि धाराशिवला त्यांनी छोटंसं ऑफिस थाटलं, तेव्हा टेबल-खुर्चीच्याही आधी मला विकत घेतलं.

लोकांना वाटतं, आर्किटेक्ट म्हणजे गार खोलीत बसून रेघा ओढणारा माणूस. पण मी मॅडमबरोबर उन्हातान्हात हिंडलो, ओल्या सिमेंटमध्ये पडलो. "बाईला काय कळतंय बांधकामातलं," म्हणणाऱ्या मिस्त्र्यांना त्यांनी मला लावून दीड इंचाची चूक दाखवली. तेव्हा मला माझ्या आकड्यांचा फार अभिमान वाटायचा.

त्यांचं पहिलं मोठं काम म्हणजे बेंबळीच्या बिराप्पांचं दुमजली घर. नकाशात वरची गॅलरी तीन फूट होती. बिराप्पांनी मिस्त्रीला सांगून ती परस्पर वाढवून घेतली. स्लॅब पडल्यावर मॅडम पाहायला गेल्या. मला लावलं. पाच फूट! आतली सळई मात्र नकाशातल्या तीन फुटांच्या बेतानंच घातलेली; पाच फुटांचा भार तिला पेलणारा नव्हता.

मॅडम काही बोलणार, एवढ्यात बिराप्पांच्या अव्वा, म्हणजे आई मल्लम्मा, पेढे घेऊन वर आल्या. त्यांनी मॅडमच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "लई देखणं घर केलंस गं लेकी." मॅडमनी मला मिटलं. "छान झालंय," एवढंच त्या म्हणाल्या.

तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी मल्लम्मा गॅलरीत धुणं वाळत घालत होत्या. गॅलरी त्यांच्यासकट खाली आली. मल्लम्मा गेल्या.

चौकशी झाली. कागदावर तीनच फूट होते, म्हणून मॅडमना कुणी बोल लावला नाही. पण मी दाखवलेला तो पाच फुटांचा आकडा काही त्यांना सोडेना. त्यानंतर अकरा वर्षं त्यांनी एकाही घराला गॅलरी काढली नाही. मालक हट्टाला पेटले तर त्या काम सोडून देत. मला उलगडताना पाच फुटांवर त्यांचा हात अडायचा. कुठं वरच्या मजल्यावर लुगडं फडफडलं, तरी त्या दचकून मान वर करायच्या. पुढे मापं घेणारं लेझरचं यंत्र आलं आणि मी खणात पडलो. अधूनमधून त्या खण उघडत, मला हातात धरत, आणि न उलगडताच परत ठेवत.

गेल्या महिन्यात बिराप्पा ऑफिसात आले. केस पांढरे झालेले.

"म्याडम, जुनं घर पाडलं. त्याच जागेवर नवं घर बांधायचंय. नकाशा तुमीच काढा."

मॅडमनी मला खणातून काढून टेबलावर ठेवलं. "बिराप्पाभाऊ, त्या दिवशी मी मोजलं होतं. पाच फूट होतं. मला कळलं होतं, तरी मी गप्प बसले."

बिराप्पांनी मला उचलून हातात घेतलं.

"म्हाईत हाय. टेपाचं दुसरं टोक म्याच धरलं व्हतं. म्या बी आकडा वाचला व्हता. अव्वा रोज सपनात येती, म्याडम. काय बोलत न्हाय. घरात कुणाला सांगू? म्हणून इथं आलो."

मॅडमनी कोरा कागद पुढे ओढला.

काल आम्ही बेंबळीला पाया आखला. एक टोक बिराप्पांनी धरलं, दुसरं मॅडमनी, आणि दोघांनी प्रत्येक माप मोठ्यानं उच्चारलं. मल्लम्मा त्यानं परत येणार नाहीत. मित्रांनो, मी नुसता आकडा दाखवू शकतो. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. वेळेवर बोला.