भिंतीपर्यंतचं माप

आमच्या ह्यांनी उभ्या संसारात मला एकदाही ‘चालेल’ म्हटलं नाही. चहात साखर कमी पडली तर ‘कमी आहे’. पडद्याची एक कड खाली आली तर ‘डावीकडे खाली आलीय’. आदळआपट नाही, आवाज चढवणं नाही. जसं आहे तसं सांगायचं आणि पुढचा घास घ्यायचा. लग्न झालं तेव्हा वाटलं, माणूस खडूस आहे. पुढे कळलं की खडूस परवडला. आपण टोचून बोलतोय हे त्याला निदान ठाऊक तरी असतं.

धंदाच तसा होता. नाजूक तराजू दुरुस्त करायचे, सोनारांचे, औषधं बनवणाऱ्यांचे, काचेच्या पेटीत ठेवतात ते. पुढच्या खोलीत खिडकीपाशी सासऱ्यांनी जमिनीत रोवलेलं दगडी टेबल. त्यावर तराजू ठेवायचा, चिमट्यानं वजन पारड्यात सोडायचं आणि काटा थांबेपर्यंत श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. मी चहा घेऊन आले तरी उंबऱ्यातच उभी राहायची. लाकडी जमिनीवर माझं पाऊल पडलं तरी काट्याला कळायचं. काटा थांबला की हे गिऱ्हाइकाला म्हणायचे, “बरोबर आहे.” एवढं ऐकायला लोक शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायचे. सगळे ह्यांना ‘काटेवाले’ म्हणायचे, आणि मला कुणी नाव विचारलंच नाही.

त्या दिवशी रस्तेखात्याची दोन माणसं टेप घेऊन आली. एकानं समोरच्या शिंप्याच्या भिंतीला टेपचं टोक धरलं, दुसऱ्यानं ती ताणत आमच्या दारापर्यंत आणली आणि बाकड्याच्या कडेला टेकवून आकडा वाचला. ते बाकडं ह्यांनीच गिऱ्हाइकांना बसायला बाहेर ठेवलेलं.

“थोडक्यात कमी पडतोय,” तो ओरडला. “सोड, पुढची गल्ली बघू.”

आणि इथं आमचे हे चष्मा कपाळावर सरकवून बाहेर आले.

“बाकड्यापासून काय मोजताय? बाकडं काय, आज आहे उद्या नाही. भिंतीपर्यंत घ्या,” असं म्हणून स्वतःच्या हातानं बाकडं उचलून बाजूला ठेवलं. वर टेपचं टोक स्वतः भिंतीला दाबून धरलं.

“आता वाचा.”

त्या माणसानं वाचलं. “बसतंय की काका! बरं झालं सांगितलंत.”

“अहो, कशासाठी मोजतायत ते तरी विचारा,” मी खिडकीतून म्हटलं.

“माप कशासाठी घेतात ते आपण विचारायचं नसतं,” हे म्हणाले, आणि हात पुसत आत आले. चेहरा असा खूश, जणू शहरावर उपकार करून आलेत.

कशासाठी ते पुढे कळलं. मोठ्या रस्त्यावर दिवसा मालाच्या ट्रकना बंदी झाली. तिथं दुकानं आहेत, चालणारी माणसं आहेत, धूर होतो, अपघात होतात. सगळं खरं, मी नाही म्हणत नाही. पण बंदी केली म्हणून माल थोडाच चालत येणार? ट्रक दुसरीकडून वळवायचे ठरले, आणि जी गल्ली ठरलेल्या रुंदीत बसेल तिच्यातून वळवायचे ठरले. आजूबाजूच्या गल्ल्यांत फक्त आमची बसली. तीही बाकडं उचलल्यावर.

एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी निळी पाटी लागली आणि ट्रक सुरू झाले. सिमेंटचे, सळयांचे, डबे भरलेले, एकामागं एक. कपाटातल्या कपबशा दिवसभर कुजबुजायला लागल्या. शिंप्याची सुई कापडाऐवजी बोटात जायला लागली. आणि ह्यांचा काटा थांबेना. एक ट्रक गेला की काटा डुलायचा, निवायला यायचा, तेवढ्यात दुसरा. हे टेबलाखाली रबराच्या चकत्या घालून बघत होते, फडकी घालून बघत होते. शेवटी हात मांडीवर ठेवून नुसते काट्याकडे बघत बसायचे. रात्री मोठा रस्ता ट्रकना मोकळा होता, आमची गल्ली शांत. पण दिव्याच्या उजेडात त्या बारीक कामाचं ह्यांना दिसत नव्हतं. गिऱ्हाइकांचे तराजू फळीवर ओळीनं साठत गेले. “पुढच्या आठवड्यात या,” हे सांगायचे. मग तेही सांगायचं बंद केलं.

मला त्यांची दया यायला हवी होती. मला राग आला. जगात कुणी आपल्या पायावर धोंडा पाडून घेताना टेपचं टोकही स्वतःच धरतं का?

तोड शिंप्यानं काढली. तो आमच्याकडे येऊन बसला, कपबशा हलेपर्यंत थांबला आणि म्हणाला, “वहिनी, हरकत घ्यायची मुदत अजून आहे. बाकडं सिमेंटनं पक्कं करतो. काटेवाल्यांनी फक्त एवढंच सांगायचं, की ते पहिल्यापासून पक्कंच होतं. पक्कं बांधकाम मोजणीत धरतात. गल्ली अरुंद ठरली की ट्रक गेले.”

“पण ते पक्कं नव्हतं,” हे म्हणाले.

“ते आम्हालाही माहीत आहे हो!” शिंपी कपाळाला हात लावून म्हणाला.

तो गेल्यावर मी तोंड सोडलं. “सोनारांना बरोबर, औषधवाल्यांना बरोबर, सरकारला बरोबर. घरच्यांना काय? जन्मात एकदा तरी आपल्या माणसांना झुकतं माप द्या.”

“झुकतं म्हणजे खोटं.”

“असू दे खोटं! उपाशी मरायचं का खऱ्यापायी?”

मी अबोला धरला. ताट वाढायचं, सरकवायचं, वळायचं. मी हट्टाला पेटले की कशी असते ते ह्यांना ठाऊक होतं. शिंप्यानं हरकतीचा अर्ज दिला आणि आदल्या रात्री बाकड्याचे पाय सिमेंटमध्ये रोवले. रस्तेखात्याची अधिकारी बाई तपासायला यायची त्या सकाळी हे धुतलेला सदरा घालून समोर आले. “सांगतो,” म्हणाले. मी सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं. जिंकल्याचा आनंद झाला मला. खोटं कशाला बोलू, खूप आनंद झाला.

अधिकारी बाई तरुण होती, बोलायला गोड. तिच्याबरोबर तोच टेपवाला होता. सगळी गल्ली दारात उभी. तिनं विचारलं, “काका, हे बाकडं पक्कं आहे म्हणता. कधीपासून?”

“पहिल्यापासून,” हे म्हणाले.

आवाज इतका बारीक, की ट्रक गेल्यावर तिला पुन्हा विचारावं लागलं, आणि ह्यांना पुन्हा सांगावं लागलं. दोनदा.

टेपवाला खाली बघत होता. त्यानंच तोंड उघडलं, तेही चाचरत. “काका, तुम्हीच तर उचलून बाजूला ठेवलं होतं. मी होतो की समोर.”

बाईनं बाकड्याच्या पायाकडे पाहिलं. सिमेंट अजून काळपट ओलं होतं. तिनं बुटाचं टोक लावलं, तर खूण उमटली. कुणीतरी मागं फिसकन हसलं; आमच्याच गल्लीतलं. बाई हसली असती, ओरडली असती, तर मी भांडले असते तिच्याशी. ती हळू आवाजात म्हणाली, “त्या दिवशीच्या मोजणीवर मी शेरा मारलाय, काका. स्थानिक जाणकारानं स्वतः खात्री करून दिली. तुमच्यासारख्या माणसाचा शब्द, म्हणून तर मी तो आकडा धरला. आता मी कुठला शब्द धरू?”

हे मान खाली घालून उभे. सदऱ्याचं वरचं बटण मीच लावलेलं, ते त्यांच्या गळ्यात रुतत होतं.

ट्रक चालूच राहिले. शिंपी कंटाळून लेकीकडे राहायला गेला. बाकडं मात्र पक्कं झालं, आता हलवायचं म्हटलं तरी हलत नाही.

परवा जुना सोनार आला. आमच्या लग्नाच्या आधीपासूनचं गिऱ्हाईक. तराजू नवा घेतलेला, पण ह्यांनी बघितल्याशिवाय तो वापरायचा नाही. ह्यांनी पेटी टेबलावर ठेवली, वजन सोडलं. मी चहा घेऊन उंबऱ्यात थांबले, सवयीनं. सळयांचा ट्रक गेला, काटा डुलला. थोडा निवाला. पुढच्या ट्रकचा आवाज कोपऱ्यावर आलाच होता.

“बरोबर आहे ना?” सोनारानं विचारलं.

हे काट्याकडे बघत नव्हते. खिडकीबाहेर बघत होते.

“चालेल,” म्हणाले.

सोनार जरा घुटमळला. मग तराजू कापडात गुंडाळून निघून गेला. हा एक शब्द ऐकायला मी जन्मभर टपून होते, आणि आता तो परत त्यांच्या तोंडात कोंबावा असं मला झालं. मी तशीच पुढे झाले, लाकडी जमिनीवर पाय वाजवत, आणि कप त्यांच्यासमोर ठेवला. ठेवल्यावर आठवलं.

“अहो, थांबा. साखर घालायची राहिली.”

“चालेल,” हे म्हणाले आणि कप तोंडाला लावला.