बुंदीला शेपटी का फुटली?

मी एक जुना, बुंदी पाडायचा झारा आहे. चिखलीच्या बाजारात फकीर मोहम्मद चाचांनी एकेक छेद ठोकून मला घडवलं आणि देऊळघाटच्या दयाराम आचाऱ्याच्या हाती देत म्हटलं, "छेद बराबर केले, भाऊ. आता पुढचं तुह्या हातावर."

मित्रांनो, तेव्हापासून मला हातांचंच कुतूहल. हात स्थिर असला की पीठ माझ्यातून थेंबाथेंबाने तेलात उतरतं, बुंदी मोत्यासारखी गोल होते. हात थरथरला की दाण्यादाण्याला शेपटी! पहिली काही वर्षं नुसत्या शेपट्याच. दयाराम सकाळीच पिऊन यायचा. एका लग्नात त्याने भरली कढई कलंडवली, आणि मी दोन वर्षं खुंटीला गंजत राहिलो.

मग एके दिवशी त्याने मला खाली काढलं. दारू सुटताना त्याचा हात फार कापायचा. हळूहळू तो कंप निवला. त्याला आता चौदा वर्षं झाली. तारीफ झाली ती बुंदीची. दयारामचं मात्र, भट्टी पेटण्याआधी कोणीतरी जवळ येऊन तोंड हुंगायचंच. तो हुंगू द्यायचा आणि मग भट्टी पेटवायचा. इतकी वर्षं लोक काय शोधतात, मला कळेना.

गेल्या वैशाखात गावातल्या रामरावांच्या लेकीचं, राखीचं लग्न होतं. दयारामने मला कढईवर धरलं आणि त्याचा हात थरथरला. तेलात शेपट्याच शेपट्या!

मी चक्रावलो. दारूचा कंप मला चांगला ठाऊक. हा तो नव्हता. मग कशाचा?

"पायलं का बे, पुन्हा सुरू केली यानं!" रामराव ओरडले. "ठेव झारा. दुसरा आचारी बोलावतो."

"नाही घेतली, रामरावभाऊ. आईची आण."

"पेणारे सारे असंच म्हणतात."

मांडवातून कोणीतरी हसलं, "चौदा वर्षांचा वनवास संपला वाटते!"

दयारामने मला खाली ठेवलं. भरल्या मांडवातून असा उठला असता, तर तालुक्यात त्याला पुन्हा कोणी बोलावलं नसतं.

तेवढ्यात वेलदोडे सोलत बसलेल्या विमलबाई, रामरावांच्या आत्या, जवळ आल्या. त्यांनी हुंगलं नाही. विचारलं, "दयाराम, सकायपासून काही खाल्लं काय, बाबा?"

तो गोंधळला. हे त्याला कोणी विचारतच नसे. "पहिल्या घाण्याचा निवद निघाल्याबिगर मी तोंडात काही टाकत नाही, आत्या."

"अन् घाणा काऊन लांबला?"

रामरावांची नजर बेसनाच्या पोत्याकडे गेली. बेसन त्यांनीच दुपारी चारला आणलं होतं.

आत्यांनी त्याच बुंदीची वाटी देवापुढे ठेवली. "देवाले शेपटीची चालते. तू भाकर खाय आधी."

दयाराम जेवला. रामरावांनी मला उचललं, उपरण्याने पुसलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्यानंतरचे सगळे घाणे गोल उतरले.

मित्रांनो, मला नीट घासून कोरडं ठेवा, मी आणखी वीस वर्षं चालेन. दारू सोडलेल्या माणसाला इतकीही निगराणी लागत नाही. त्याचा हात कापताना दिसला, तर आधी तो जेवला का, एवढं विचारा.