डावं शिंग, उजवं शिंग

जोलीन सोबोटानं पाचोळ्यातून बाण उचलला, दोन बोटांच्या चिमटीत धरून पिसांपासून टोकापर्यंत पुसला आणि बोटं उजेडाकडे वळवून पाहिली. रक्त काळपट होतं. फेस नव्हता. तिनं बोटं नाकाशी नेली, मग पँटला पुसली.

फुप्फुस नाही. यकृत.

म्हणजे चार इंच मागे. पंचवीस पावलांवरून, वारा पडलेला असताना, मचाणावर पक्के पाय रोवून सोडलेला बाण चार इंच मागे लागला होता, कारण तो सुटला त्याच क्षणी हरणाच्या नरानं पाऊल पुढे टाकलं होतं. तिला स्वतःचा राग आला नाही. बाण जीवघेणा होता याची तिला खात्री होती. प्रश्न फक्त वेळेचा होता. यकृतात बाण घेतलेलं हरीण जवळच कुठेतरी बसतं आणि तीन-चार तासांत मरतं. त्याआधी कुणी मागे लागलं, तर उठून दोन मैल धावतं आणि मग ते कोल्ह्यांनाच सापडतं.

ती रक्ताच्या थेंबांमागून हलक्या पावलांनी कुंपणापर्यंत गेली. वरच्या तारेला केसांचा पुंजका अडकला होता. पलीकडे ऑर्डेल नायसेथची जमीन सुरू होत होती.

सबंध विस्कॉन्सिनमध्ये दुसऱ्या कुणाचंही कुंपण तिला चाललं असतं.

ऑर्डेल शहात्तर वर्षांचा होता. त्याच्या बैठकीच्या भिंतीवर तेरा शिंगजोड्या होत्या, आणि चौदाव्या जोडीसाठी रिकामी ठेवलेली जागा सगळ्या खोऱ्याला ठाऊक होती. या नराच्या मागे तोही होता. हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं, तिनं कधी विचारलं नव्हतं. पशुखाद्याच्या गिरणीत गाठ पडली की तो म्हणायचा, "यंदा काही मोठं दिसत नाही बुवा." आणि ती म्हणायची, "आमच्याकडेही नुसती पिल्लंच." चार वर्षं दोघं एकमेकांशी असं तोंड भरून खोटं बोलत आले होते.

कायद्यानं त्याच्या परवानगीशिवाय तिला पलीकडे पाय टाकता येत नव्हता. धनुष्य तिनं ट्रकमध्ये ठेवलं आणि त्याच्या घराच्या पुढच्या दाराशी गेली.

ऑर्डेलनं दार उघडलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कॉफीचा मग. उन्हाळ्यात त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं.

"कुठला?" त्यानं विचारलं. नमस्कार-चमत्कार नाहीच.

"मोठा."

तो जागचा हलला नाही.

"रक्त कसंय?"

"काळं."

"किती वाजता?"

"सात वीस."

त्यानं आत भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेनऊ झाले होते. "मग बूट काढ आणि बस. साडेअकराच्या आत कुणी हलायचं नाही."

"मला नुसती परवानगी द्या, ऑर्डेल. मी कुंपणाशी जाऊन थांबते."

"परवानगी साडेअकराला देतो. बूट काढ."

ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. त्यानं तिच्यापुढे कॉफी ठेवली, डब्यातून लिंबाच्या वड्यांचे दोन तुकडे काढले. त्याची बायको लव्हॉन गेल्यापासून शेजारच्या बाया त्याला अशा वड्या आणून देत. त्या तो संपवत नसे आणि टाकतही नसे. जोलीननं वडी तोडली, पण खाल्ली नाही. तिचं तोंड खिडकीकडे होतं. पश्चिमेकडचं आभाळ शिशासारखं झालं होतं.

"बर्फ पडणारे," ती म्हणाली.

"दुपारनंतर."

"तुमच्या रेडिओवर. माझ्या कानांना आत्ताच कळतंय."

"पोरी, मी पंचावन्न वर्षं हरणं मारतोय."

"आणि मी दुधाचा टँकर चालवते. बर्फ कधी पडणार ते मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

तो हसला, पण उठला नाही.

दहा वाजायच्या सुमाराला पहिले कण खिडकीला लागले. जोलीन उभी राहिली. तासाभरात रक्ताचा माग झाकला जाणार होता, आणि माग झाकला गेला की एकशेवीस एकरांच्या ओक आणि देवदारांच्या झाडीत एक मेलेलं हरीण शोधणं म्हणजे नशिबाचा खेळ. तिनं टेबलापलीकडच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो शांतपणे साखर ढवळत होता. त्याच्या भिंतीवरची ती रिकामी जागा तिच्या बसण्याच्या जागेवरूनही दिसत होती.

"मला थांबवायचं तुमच्याच हातात आहे," ती म्हणाली. "उद्या बर्फ वितळल्यावर तुम्हाला तो एकट्यालाच सापडला, तर कुणी काय बोलणार?"

ऑर्डेलनं चमचा बाजूला ठेवला. हे बोलणं त्याला लागलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

"तळघरात जा," तो म्हणाला. "मला जिने उतरवत नाहीत. धुण्याच्या मशीनवर, वरच्या फळीवर, पिशवीत आहे. घेऊन ये."

गोणपाटाच्या पिशवीत दोन शिंगं होती. हिवाळा सरता सरता नर जंगलात टाकून देतात तशी, गळून पडलेली. दोन वेगवेगळ्या वर्षांची, दोन्ही उजवी. जोलीननं मोठं शिंग उचललं आणि त्याच्या तळाशी अंगठा फिरवला. तिथे नखाएवढा एक जादा फाटा होता, किंचित मागे वळलेला. असलाच फाटा तिच्या घरी, कपाटावर ठेवलेल्या डाव्या शिंगाला होता. तीन वसंत तिनं उजव्याच्या शोधात गुडघाभर चिखल तुडवला होता.

"कुठे मिळालं?"

"झऱ्यापाशी. दोन्ही वर्षं."

"माझ्याकडे डावी आहेत," ती म्हणाली. "दोन्ही."

"ते मला ठाऊक होतं."

"कसं काय?"

"दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात गिरणीत आलीस तेव्हा तू फार खुशीत होतीस. म्हणालीस, काही सापडलं नाही. काही न सापडलेलं माणूस इतकं खूश नसतं."

ती खाली बसली. शिंग तिच्या मांडीवर होतं. नवरा, कर्ट, तिला दरवर्षी विचारायचा की शिंगांचं सूप होतं का. त्याचंही चूक नव्हतं. मांसासाठी माद्या होत्या. घरातले दोन्ही फ्रीजर भरलेले होते. कर्टला ती कधी समजावून सांगू शकली नव्हती, आणि कर्टनंही फार ताणून धरलं नव्हतं.

"तुम्ही त्याला काय म्हणायचात?" तिनं विचारलं.

"टॉर्स्टेन. माझ्या मेहुण्यावरून. तोसुद्धा वर्षातून दोनदाच दिसायचा आणि काहीतरी खाऊन जायचा. तू?"

"पाद्री. खाली मान घालून, एकेक पाऊल मोजत यायचा ना."

"अगदी तसाच," ऑर्डेल म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात घाई होती. "मान खाली. पण कान मागे. वारा उलटा असेल तर उघड्यावर यायचाच नाही. ओढ्याच्या वरच्या अंगानं पूर्ण वळसा घालायचा, बरोबर?"

"पुरा तास लावायचा त्या वळशाला."

"पुरा तास!"

मग तासभर ते दोघं बोलत राहिले. तो कुठल्या झाडाला अंग घासायचा, कुठल्या मादीमागे वेडा झाला होता, मक्याच्या कापणीनंतर तीन आठवडे कुठे नाहीसा व्हायचा. जोलीनला जाणवलं, की चार वर्षांत हे सगळं आपण पहिल्यांदाच मोठ्यानं बोलतो आहोत. तिचे हात टेबलावर टेकड्या आणि ओढे काढत होते. ऑर्डेल मिठाची बाटली उचलून त्यांत झाडं लावत होता. बाहेर बर्फ पडतच होतं. तिनं दोनदा खिडकीकडे पाहिलं, पण उठली नाही.

"लोक म्हणतात, मिरवायला," ऑर्डेल भिंतीकडे हनुवटी करून म्हणाला. "मिरवायला तर हवंच. खोटं कशाला बोलू? तो मधला मारला तेव्हा माझ्या बापानं डोक्यावरची टोपी काढली होती. माझा बाप चर्चमध्येसुद्धा कुरकुरत टोपी काढायचा."

"मग याला का नाही मारलात?"

तो थोडा वेळ मिठाच्या बाटलीशी खेळत बसला.

"दोन वर्षांपूर्वी बावीस पावलांवर होता. आडवा उभा. मी धनुष्य ताणलेलं होतं."

"आणि?"

"तेव्हा पाच वर्षांचा होता. म्हटलं, अजून दोन वर्षांत शिंगं जाड होतील. लोकांना वाटेल, म्हाताऱ्याला दया आली. दया कसली, हाव होती." त्यानं खुब्यावर हात ठेवला. "दोन वर्षांनी त्याची शिंगं जाड झाली आणि मला मचाण बंद झालं."

गेल्या हंगामात जोलीननंही नराला एकदा जाऊ दिलं होतं, त्याच कारणासाठी. हे ती दुसऱ्या कुणाला सांगू शकली नसती. तिनं ते ऑर्डेलला सांगितलं.

"पण आज थांबली नाहीस."

"नाही."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि काठी घेऊन उठला. साडेअकराला पाच मिनिटं कमी होती.

त्याच्या जुन्या पिकअपमधून ते शेतरस्त्यानं खाली उतरले. जमीन दोन बोटं पांढरी झाली होती. रक्ताचा एक थेंबही दिसत नव्हता. जोलीनला दक्षिणेकडचा उतार बघायचा होता. दुखावलेला नर ऊन शोधतो. ऑर्डेलनं मान हलवली.

"यकृतवाला पाणी शोधतो. झरा."

"झऱ्याकडे तो खालून कधीच जायचा नाही."

"मग वरून जा. देवदारांच्या वरच्या कडेनं. तुझंही राहील, माझंही राहील."

त्यानं गाडी थांबवली आणि काच खाली केली. जोलीन वरून गेली. वाऱ्याकडे तोंड करून, पाद्री गेला असता तशी, तिसऱ्या-चौथ्या पावलाला थांबत. झऱ्याच्या वीस पावलं वर एका पडलेल्या देवदाराखाली बर्फ साचलेली वाळकी फांदी होती. ती पुढे निघून जाणार, इतक्यात तिला दिसलं की फांदीला तळाशी नखाएवढा फाटा आहे.

तो अंगाची मुटकुळी करून, नाक पाण्याच्या दिशेला ठेवून बसलेला होता. तिनं लांब काठीनं त्याच्या डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही. मग तिनं हातमोजा काढला, त्याच्या मानेवरचं बर्फ झाडलं आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला. आनंद झाला होता, मोठा. ओरडावंसं वाटण्याइतका. आणि ती ओरडलीच.

ऑर्डेलला गाडीपासून तिथवर यायला पंधरा मिनिटं लागली. तिनं हात पुढे केला तो त्यानं घेतला नाही. जवळ आल्यावर त्यानं काठी झाडाला टेकवली, टोपी काढून खिशात कोंबली आणि झाडाच्या खोडाला धरून वाकला. दोन्ही शिंगं दोन हातांत धरली. पहिल्यांदाच डावी-उजवी एकत्र.

"सगळे फाटे मिळून एकशे सत्तर इंचांच्या वर," तो म्हणाला.

"एकशे चौऱ्याहत्तर."

"मोजलंस?"

"झाडावरच्या कॅमेऱ्यातल्या फोटोवरून. चार महिने."

"एकाहत्तर," ऑर्डेल म्हणाला. "फोटोत सगळेच मोठे दिसतात."

तिनं सुरी काढली. तो नराचा मागचा पाय धरून उभा राहिला आणि ती पोट उघडत असताना दोघांनी फार कमी शब्द वापरले. यकृत मधोमध फाटलेलं होतं. ते पाहून ऑर्डेलनं फक्त मान डोलावली. आता बर्फ थांबलं होतं. तिनं झऱ्यात हात धुतले, आणि हात धुता धुताच, पाठमोरी, म्हणाली,

"तुमच्या चाऱ्याच्या जुन्या सायलोच्या मागे सफरचंदाची दोन झाडं आहेत."

"आहेत. किडकी."

"तिथे संध्याकाळी एक येतो. आमच्या कड्यावरून उतरून. मी कर्टलासुद्धा सांगितलेलं नाही." ती उठली. "आत्ताच दहा फाटे आहेत. सायलोच्या दारात खुर्ची टाकून बसलं तर समोर तीस पावलांवर. चढायला लागत नाही."

ऑर्डेलनं मान वळवून टेकडीच्या वर, जिथून सायलोचं टोक दिसत होतं तिकडे पाहिलं. मग ओल्या बोटावर वारा कुठून येतोय ते अजमावलं.

"वय?"

"अडीच. फार तर साडेतीन."

"मग आत्ता नको," तो म्हणाला. "चार वर्षं तरी त्याला कुणी हात लावायचा नाही. तुझ्या बाजूनंही."

जोलीननं त्याच्याकडे पाहिलं. तो खोडाला टेकून उभा होता, दुखरा पाय किंचित उचललेला, डोळे सायलोवर.

"चार?" ती म्हणाली.

"निदान चार," ऑर्डेल म्हणाला, आणि काठीसाठी हात पुढे केला.