बोटांमधलं कातडं

चौऱ्याण्णव साली पेणजवळच्या गडब गावात आमच्या अंगणात अर्धं गाव लोटलं होतं. पुंडलिक भगताने माझ्या तान्ह्या मुलीच्या हाताला हळद चोळली आणि तांब्यातलं पाणी ओतलं. हात लालभडक झाला. बायका किंचाळल्या.

“खाडीचं रगत हाय!” भगत ओरडला. “बोटांत बदकासारखं कातडं बघा! आयेला खाऊन आली. आवसेला भरतीत सोडा. तुमची असंल तर खाडी परत देईल.”

माझी विमल बाळंतपणात गेली होती. पोटुशी असताना मिठागरात उतरली, म्हणून खाडी कोपली, असं गाव बोलू लागलं. पोर सोडायला भगताने टोपलीही धाडली. ती कोपऱ्यात दिसली की मी पोरीला उचलून छातीशी धरायचो.

शेजारची रशिदा म्हणाली, “भाऊ, डॉक्टरला दाखवल्याबिगर पोर पाण्यात घातलीस, तर आमच्या दारात येऊ नको.”

पोरीला आणि आईला, बायजाबाईला, घेऊन मी पेणला गेलो.

डॉक्टर नमिताबाईंनी हात उलटसुलट पाहिला. “पोटात सगळ्यांचाच हात आधी वल्ह्याच्या पात्यासारखा असतो. मग बोटांमधल्या पेशींना मरायचा हुकूम येतो. त्या मरतात, तेव्हा बोटं सुटी होतात. तो हुकूम जनुकांत असतो, आणि जनुकं आईबापाकडून येतात. हिच्या दोन बोटांत तो पाळला गेला नाही. घरात आणखी कुणाला आहे?”

“नाय.”

“चपला काढा.”

माझ्या दोन्ही पायांची दोन-दोन बोटं जोडलेली. मी म्हणालो, “ही मिठागराची. खाऱ्या चिखलानं चिकटतात. बाबांचीपण तशीच होती.”

“येड्या, चिखल कुठला?” आई म्हणाली. “जन्मलास तवापासनं हायेत!” आणि माझ्या पायांवरून पोरीच्या हाताकडे बघू लागली.

भगताचा प्रकार सांगितला तेव्हा बाईंनी हळदीवर चुन्याची निवळी टाकली. लालभडक. “हे खाडीचं रक्त. भगताच्या तांब्यात हेच चुन्याचं पाणी होतं. तुमची बायको रक्तस्राव थांबला नाही म्हणून गेली. बोटं पुढे शस्त्रक्रियेने सुटी करू.”

आवसेला गाव खाडीवर जमलं.

“आण पोर!” भगत म्हणाला.

मी चपला काढून जोडलेली बोटं दाखवली. “आधी मला सोड. मीपण खाडीचाच.” आपल्याच तळहातावर हळद चोळून मी त्याचा तांब्या ओतला. हात लाल झाला. “आता मी कुणाला खाल्लं रे?”

आई पुढे आली. “बोल की, पुंडलिका!”

तो तांब्या तिथेच टाकून निघून गेला.

टोपली मी चुलीत घातली. तरी अशी टोपली आणखी कुणाच्या घरात असेल, ही भीती जात नाही. मुलात काही वेगळं दिसलं तर आधी स्वतःचे हातपाय बघा, मग डॉक्टरला विचारा. पाण्याला विचारू नका.