पाहणीचा दिवस

"हातोडी खाली ठेवा," ती म्हणाली.

तिचा मेकॅनिक नवरा न्हाणीघरात उकिडवा बसला होता. त्यानेच हौसेने बसवलेल्या निळ्या फरश्यांपैकी एक तडकली होती.

"नाही ठेवत. घर न्यायचंय ना? न्या म्हणावं फुटकं!"

"आणि भाव पडला तर? बाकी कुणाच्या बोकांडी बसेल?"

ती रुग्णालयात आया होती. चिडलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलायची तिला सवय होती. तिने त्याचं मनगट धरून हातोडी काढून घेतली.

फ्रीज-दुरुस्तीचं दुकान टाकायला त्याने घर गहाण ठेवलं होतं. दुकान बुडालं, हप्ते थकले. बँकेच्या नोटिसा आल्या, तेव्हा तो दार लावून आत बसायचा. नोटीस हातात घेतली नाही तर लागूच होत नाही, असं कुणा शहाण्याने त्याला सांगितलं होतं. शेवटी ती एकटीच वकीलबाईंकडे गेली.

"आधी आला असतात ताई, तर बँकेशी तडजोड करता आली असती," वकीलबाई म्हणाल्या. "नाहीतर तुम्हीच गिऱ्हाईक बघून घर विकलं असतं. आता लिलावाला स्थगिती मागू, पण आधी मोठी रक्कम भरा म्हणतील. आहे?"

"असती तर तुमची पायरी कशाला चढले असते, बाई?"

"मग लिलाव अटळ. भाव चांगला आला, तर कर्ज फिटून उरलेलं तुमचं. नाही आला, तर घरही जाईल आणि बाकीही मानगुटीवर."

तेव्हापासून कामावरून आली की ती भिंती रंगवत होती. मुलीच्या लग्नातही घर इतकं उजळलं नव्हतं.

"लोक हसताहेत," मेकॅनिक आता म्हणाला. "परक्यासाठी घर नटवतेय म्हणे."

"हसू देत. तुम्ही दार लावून बसलात, तेव्हाच कुणी हसायला हवं होतं."

तो उठला, आणि मागच्या दाराने निघून गेला.

थोड्या वेळाने बँकेचा माणूस एका तरुण जोडप्याला घेऊन आला. नवऱ्याने नळ सोडून पाहिले, भिंतींवर टिचक्या मारल्या.

"ओल येते का?"

"जसं आहे तसं घ्यायचं, साहेब," बँकेचा माणूस घाईने म्हणाला.

"ओल नाही येत," ती म्हणाली. "गच्चीला यंदाच डांबर घातलंय. न्हाणीघरात एक फरशी मात्र तडकलीय."

"कशाने?"

"हातोडी निसटली."

बँकेच्या माणसाने तिच्याकडे वेड्या बाईकडे पाहावं तसं पाहिलं. तरुण मात्र हसला आणि बायकोच्या कानाशी लागला. पण रंगासाठी रिकाम्या केलेल्या घरात कुजबुजही मोठी होते.

"खरं बोलणारी बाई आहे. घर नीट ठेवलंय. थोडी वर बोली लावू या."

तिने हेच मागितलं होतं. तरीही तिला भिंतीला टेकावं लागलं. रंग अजून ओला होता, पाठीला लागला.

तरुणीने पर्समधून मोजपट्टी काढली आणि ती खिडकीशी गेली.

"काकू, पडद्यांचं माप घेते. जरा हे टोक धरता?"

तिने टोक चौकटीला लावून अंगठ्याने घट्ट दाबलं.

"हलवू नका हं."

"नाही हलत," ती म्हणाली.