चाळणीवरचा कोंडा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात, दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या भिंतीला भिंत लावून एक खोली होती. दारावर ‘लेख-प्रभाव मापन कक्ष’ अशी भारदस्त पाटी, आणि आत एक टेबल, एक संगणक, एक बाई. प्राध्यापकांचा एकेक लेख इंटरनेटवर किती जणांनी उघडला, किती जणांनी उतरवून घेतला, कुठे कुठे त्याचा उल्लेख झाला, हे मोजणं बाईंचं काम. पूर्वी लेख मोठ्या नियतकालिकात छापून आला की लेखकाची कॉलर ताठ व्हायची. आता प्रत्येक लेखाने आपापल्या आकड्यावर उभं राहायचं होतं.

पण नुसतं मोजून भागत नाही. इंटरनेटवर माणसांपेक्षा यंत्रंच जास्त हिंडत असतात. ती लेख उघडतात, अक्षरही न वाचता पुढे जातात आणि आकडा उगाच फुगतो. ही भर बाई चाळून बाजूला काढायच्या, म्हणून त्यांना सगळे चाळणीबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

त्यांचा नियम सोपा होता. एकाच पत्त्यावरून, ठरावीक अंतराने, दिवसरात्र न चुकता लेख उघडला जात असेल तर ते यंत्र समजायचं. “माणूस इतका नियमित नसतोच हो,” त्या म्हणायच्या. “आमच्या ह्यांना रोज दाढी करायची आठवण करून द्यावी लागते.” आकड्यांवरून नोकऱ्या ठरवणाऱ्या समितीने तो नियम हसत हसत मंजूर केला होता आणि आजवर त्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

त्या वर्षी ढेकरवाल्या सरांचा लेख चाळणीत आला. सर परिचारिकांच्या महाविद्यालयात शिकवायचे. अगदी कमी वजनाच्या बाळांना एका वेळी दूध किती पाजावं आणि ढेकर कशी काढावी, यावर त्यांनी लेख लिहिला होता. ‘ढेकरवाले’ हे नाव त्यांना त्या लेखाने मिळवून दिलं होतं. बाकी सगळं अजून मिळायचं होतं. ते कित्येक वर्षं हंगामी होते. या खेपेला समितीने कायम केलं तर ठीक, नाहीतर पुढच्या सत्रापासून घरी.

लेखाचा आकडा बघून बाईंच्या भुवया वर गेल्या. इतका मोठा आकडा त्या विभागात कुणाचाच नव्हता. मग त्यांनी चाळणी लावली आणि जवळजवळ सगळा आकडा कोंडा म्हणून वर राहिला. परगावच्या एका रुग्णालयातून, दर तीन तासांनी, रात्र नाही की सुट्टी नाही, लेख उघडला जात होता. शिवाय सर पूर्वी त्याच रुग्णालयात नोकरीला होते. इथे पाणी मुरतंय, अशी बाईंची खात्रीच झाली.

सरांना त्यांनी बोलावून घेतलं. सर खुर्चीच्या कडेवर बसले.

“सर, स्पष्टच विचारते. आकडा वाढवायला तुम्ही तिथल्या कुणाला काही सांगितलंय का?”

“छे हो! माझं मलाच नवल वाटतंय.” मग जरा खाली बघून म्हणाले, “मी स्वतः रोज एकदा उघडतो. फार तर दोनदा. किती झाले ते बघायला.”

“ते मी आधीच वजा केलंय,” बाई म्हणाल्या.

सर कसनुसं हसले आणि गेले. ते जाताना दार हळूच लावून गेले, हे बाईंच्या लक्षात राहिलं.

बाई कामात चोख होत्या. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा तर आधी खात्री करावी, म्हणून त्यांनी रुग्णालयाच्या संगणक विभागाला फोन लावला. तुमच्याकडून एक लेख दर तीन तासांनी उघडला जातोय, उघडणारं माणूस आहे की यंत्र, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पलीकडचा माणूस घाबरला. “विद्यापीठातून बोलताय? चौकशी लागलीय का? मी बघतो, लगेच बंद करायला सांगतो!” बाईंनी “अहो, तसं नाही” म्हणेपर्यंत फोन बंद झालेला.

दुसऱ्या दिवसापासून आकडा थांबला. एकदम शून्य, आणि आठवडाभर शून्यच राहिला.

निम्मी माणसं इथेच निर्धास्त झाली असती. चौकशी केली आणि चोर पळाला, आणखी पुरावा कसला हवा? बाईंनीही अहवालात तसं लिहायला घेतलं होतं. पण संध्याकाळी घरी भाजी निवडताना त्यांनी सगळं नवऱ्याला सांगितलं. नवरा औषधाच्या दुकानात बसायचा.

“दर तीन तासांनी?” तो म्हणाला. “अगं, आमच्याकडे बाळाचं दूध न्यायला येतात ना, ते सगळे तीन तासांच्याच हिशोबात जगतात. इतकं नियमित दुसरं कोण असतं?”

बाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. स्वतःला दोन मुलं झालेली, दोन्ही वेळा त्या घड्याळाकडे बघत महिनेच्या महिने जाग्या राहिलेल्या, आणि हे आपल्याला सुचू नये याची त्यांना लाज वाटली.

सकाळी त्या बसने परगावी गेल्या. नवजात बाळांच्या वॉर्डाबाहेर चपला काढल्या, हात धुतले, अंगावर दिलेला झगा चढवला. आत उबदार होतं आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. कोपऱ्यात एक संगणक होता, त्यावर कापड घातलेलं. आणि त्याच्या वरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर, ढेकरवाल्या सरांच्या लेखातला तक्ता चिकटवलेला होता. डावीकडे बाळाचं वजन, उजवीकडे दूध. कागदाला बोटांचे डाग पडायला सुरुवातही झाली होती.

“पूर्वी संगणकावर बघायचो,” मोठी सिस्टर म्हणाली. तिच्या कोपरात एक बाळ मावलं होतं. “मध्ये वरून दम आला, सारखं सारखं इंटरनेट उघडायचं नाही म्हणून. मग म्हटलं एकदाच छापून टाकू. बरंच झालं की! एका हातात बाळ, दुसऱ्या हातात बाटली, माऊस काय दातात धरायचा?”

बाईंनी बसमध्ये ठरवून ठेवलं होतं की सिस्टरला विनंती करायची. समितीची बैठक होईपर्यंत लेख पूर्वीसारखा संगणकावर उघडत राहा. आता त्यासाठी हा कागद काढायला सांगावं लागलं असतं. आकडा पुन्हा सुरू झाला असता, आणि या वेळी त्या तो चाळणार नव्हत्या.

सिस्टरने तक्त्याकडे बघितलं, ओठांतल्या ओठांत आकडा म्हटला आणि बाळाच्या तोंडाला बाटली लावली.

“तुमचं काय काम होतं?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “कोपऱ्याची चिकटपट्टी सुटलीय बघा.” आणि त्यांनी ती अंगठ्याने घट्ट दाबून बसवली.

बैठकीत बाईंनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“आता भिंतीवरून किती जण वाचतात?”

“मोजता येत नाही.”

“आणि आधीचे आकडे नियमात बसत नाहीत.”

“नियम चुकला.”

“नियम तुमचाच आहे, बाई. तो चुकला म्हणायचं, तर आजवर त्या नियमाने ज्यांना घरी पाठवलं त्यांचं काय करायचं?”

सरांचा निर्णय समितीने पुढच्या बैठकीवर ढकलला. बाहेर सर उभेच होते. बाईंनी त्यांना आधी भिंतीची गोष्ट सांगितली आणि मग समितीची.

“भिंतीवर?” सर म्हणाले. “पण कोणता तक्ता लावलाय?”

“वजनाचा.”

“हां. मग बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

बाई आपल्या खोलीत गेल्या. शेजारी झेरॉक्स मशीन घरघरत होतं. त्यांनी संगणकावर जुन्या वर्षांचा कोंडा उघडला, म्हणजे यंत्र म्हणून आजवर बाजूला काढलेलं सगळं. पहिलंच नाव एका मास्तरणीचं निघालं. बुबुळाच्या जखमेत डोळ्यात थेंब कसे घालावेत यावर तिचा लेख होता. एकच पत्ता, दर तासाला एकदा, न चुकता. तिला घरी पाठवल्याला बरीच वर्षं झाली होती.

बाईंनी त्या पत्त्यावरच्या रुग्णालयाचा फोन नंबर शोधला आणि रिसीव्हर उचलला. मग फोनने काय होतं ते आठवून तो परत ठेवला, पर्स घेतली आणि बसच्या वेळा विचारायला खाली उतरल्या.